कानबाईच्या विसर्जनाला पालिकेची बोट

बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी पालिकेने नव्या बोटी घेतल्या, हे मला आमच्या वॉर्डाच्या बैठकीत कळलं. सुरतेच्या डिंडोली भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये नगरसेवक सांगत होते, बोटी आल्या, लाइफ जॅकेटं आली, अग्निशमन दलाच्या जवानांचं प्रशिक्षण झालं, नदीच्या ओवाऱ्यांवर दोर बांधणार. ओवारा म्हणजे आपला घाट. मी उभी राहिले आणि तोडक्यामोडक्या गुजरातीत म्हणाले, "साहेब, मग आमचं गटार करूच नका. पावसात गल्लीत पाणी भरतं, तेव्हा एक बोट तिथंच लावा. पोरांना शाळेत सोडायला बरी पडेल." सगळा हॉल हसला, नगरसेवकही हसले. माझे यजमान मात्र घरी पोचेपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत राहिले.

नव्याचे नऊ दिवस, मग त्या बोटी कुठल्यातरी गोदामात ताडपत्रीखाली पडून राहणार, असं माझं ठाम मत होतं. आमच्या पैशांचं पालिका आणखी काय करणार?

माझ्या सासूबाई खानदेशातल्या, तापीकाठच्या गावच्या. सासरे कापडाच्या लूमवर कामाला होते, त्यांच्या मागोमाग त्या सुरतेला आल्या आणि इथल्याच झाल्या, पण घरात आजही अहिराणीच बोलतात. मी वऱ्हाडातली. त्यामुळे कानबाई मला लग्नानंतरच भेटली. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, नारळाला डोळे, नथ, लुगडं लेववून घरात देवी बसवतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. आमच्या घरचा नारळ पाण्यात सोडत नाहीत. तो सासूबाईंना त्यांच्या सासूकडून मिळालेला. त्याला नदीत न्हाऊ घालायचं आणि परत आणायचं. आमची रीत अशी की ज्या बाईने तो हातात घेतला, तिने घरी येऊन पाटावर ठेवेपर्यंत तो सोडायचा नाही.

बोटी आल्या त्या वर्षी वरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं. आम्ही टेम्पोतून उतरलो तेव्हा तापी गढूळ आणि भरून वाहत होती. ओवाऱ्याच्या कडेला एक केशरी रबरी बोट उभी होती आणि तीन जवान. मी यजमानांना म्हटलं, "बघा, तुमच्या नगरसेवकांनी आपल्या सहलीची सोय केली." जवानांतला एक, पिकल्या मिशांचा, प्रत्येक बाईजवळ जाऊन पायऱ्यांवर बांधलेला दोर दाखवत होता. याच्या अलीकडेच राहा, असं गुजरातीत सांगत होता. सासूबाईंनी त्याला अहिराणीतच उत्तर दिलं, "भाऊ, हाई पाणी मन्हा गावथीन येस. मी तिले वळखस."

पाणी त्यांच्या गावाहूनच येतं, हे खरं. पण गावातली तापी एकाच दिशेने वाहते. इथे समुद्र जवळ. भरतीला पाणी नदीत वर चढतं आणि ओहोटी लागली की सगळं खाली ओढून नेतं, वर पूर असेल तर दुप्पट जोराने. आम्ही पोचलो तेव्हा नेमकी ओहोटी लागलेली. सासूबाई दोराखालून वाकून गेल्या, नारळ बुडवायला दोन पायऱ्या खाली उतरल्या, आणि शेवाळावरून त्यांचा पाय सरकला.

क्षणात त्या काठापासून लांब गेल्या. लुगडं फुगून वर आलं म्हणून डोकं तेवढं दिसत होतं. मिशीवाल्या जवानाने रबरी रिंग फेकली, ती बरोबर त्यांच्या खांद्याशी जाऊन पडली. "माजी, पकडो. नाळियेर छोडी दो." त्यांना ते ऐकू गेलं, मी पाहिलं. त्यांनी रिंगकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी नारळ छातीशी आणखी घट्ट धरला. यजमान काठावरून, "माय, सोड त्याले," म्हणून घसा फुटेपर्यंत ओरडत होते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे समोर चांगली रिंग तरंगत होती आणि आमची बाई तिला हात लावेना. 

मग जे झालं ते मी अजून डोळ्यांसमोर आणते. कुणी कुणाला हुकूम दिला नाही. मिशीवाल्याने कमरेला दोर अडकवला आणि उडी घेतली. दुसरा काठावर पाय रोवून तो दोर हळूहळू सोडत राहिला. तिसऱ्याने बोट काढली, पण ती सासूबाईंच्या दिशेने नेलीच नाही. खाली, जिथे पाणी त्यांना घेऊन येणार होतं, तिथे नेऊन थांबवली. मिशीवाला मागून गेला, त्यांच्या काखेखालून हात घातला, डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं. नारळाला त्याने बोटही लावलं नाही. देवी छातीशी धरलेली बाई तशीच्या तशी वाहत आली आणि बोटीतल्या माणसाने वर घेतली.

मी थक्क होऊन बघत होते. ही माणसं कुणाच्या तरी आईसाठी हे किती वेळा घोटत असतील! कानबाई म्हणजे काय, हे अर्ध्या सुरतेला ठाऊक नाही. तरी कुणीतरी ऑफिसात बसून ठरवलं होतं की या सोमवारी या ओवाऱ्यावर बोट उभी राहील. आम्हाला मोजलं होतं. या शहरात इतकी वर्षं घरपट्टी भरून मला जे वाटलं नव्हतं, ते त्या सकाळी वाटलं.

सासूबाई खोकून खोकून शेवटी नीट श्वास घ्यायला लागल्या. मी मिशीवाल्याला विचारलं, नारळ हिसकावून का नाही घेतला? शर्ट पिळत तो म्हणाला, "छीनता तो माजी मुझसे लड़तीं. लड़ने में टाइम जाता है." एवढं बोलून तो पुढच्या टेम्पोतल्या बायकांना दोर दाखवायला गेला.

गटार अजून तुंबतं आणि बैठकीत मी त्यावर अजून बोलते. बोटींच्या खर्चाचा विषय निघाला की त्याच्या बाजूने हात वर करते.

पुढच्या श्रावणात सासूबाई कानबाईच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू घेत होत्या. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ सुपात पडते, आणि त्या पिठाचा रोट भाऊबंदांखेरीज कुणाला मिळत नाही. आमच्याकडे तर सासरी गेलेल्या लेकीलाही नाही. मुलांची, नातवांची नावं घेऊन झाली. मग त्यांनी आणखी सव्वा मूठ घातली.

"आत्याबाई, ही कोणाची?" मी सासूबाईंना विचारलं.

"त्या मिशीवाला होडीवालानी."

 गहू निवडता निवडता त्या पुढे म्हणाल्या, "त्यानं नाव मले माहित नई. कानबाईले माहित व्हई."