गच्चीवरची कादंबरी

माझा नवरा पुस्तकांची परीक्षणं लिहितो. शाळेत मराठी शिकवून तो निवृत्त झाला, तेव्हा मला वाटलं होतं, आता जरा मंडईत जाईल, गिरणीत दळण टाकेल. कसलं काय. एका रविवार पुरवणीनं त्याला नव्या पुस्तकांचं सदर दिलं आणि आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये बसायला जागा उरली नाही.

परीक्षणासाठी पुस्तक पाठवायचं तर दोन प्रती पाठवायच्या, असा आपल्याकडे रिवाज आहे. एक परीक्षकाला आणि दुसरी कुणाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आमच्याकडे दुसरी प्रत आहेरात जाते. नात्यातल्या एका मुंजीत आम्ही बटूला मूळव्याधीवरचं पुस्तक दिलंय, कारण त्या दिवशी कपाटात कोरं असं तेवढंच होतं.

आणि पुस्तकं तरी किती तऱ्हेची. कविता, भुताच्या कथा, शेअर बाजार, युरोपची प्रवासवर्णनं, भरडधान्यांच्या पाककृती. नवरा सगळ्यांना सारखाच न्याय देतो. पहाटे उठण्याचे फायदे सांगणारं पुस्तक त्यानं आठवडाभर सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात लोळत वाचलं आणि ‘प्रेरणादायी’ म्हणून लिहिलं. नाचणीचा केक खरंच होतो का, ते तपासायला माझ्याकडून केक करून घेतला. आमच्या सोसायटीतल्या कुत्र्यानं तो हुंगला आणि पुढे निघून गेला. परीक्षणात ‘खुसखुशीत’ आलं. एका रहस्यकथेत तर खून कुणी केला, ते यानं दुसऱ्याच परिच्छेदात सांगून टाकलं. लेखकाचा चिडून फोन आला, तर हा शांतपणे म्हणतो, “अहो, मग पुस्तक विकत घ्यायचं की नाही, ते वाचकानं ठरवायचं कशावरून?”

लिहितो तो हातानं, टाइप करते मी. बँकेत जन्म गेलेली बाई, हिला साहित्यातलं काय कळतंय, असं तो रोज म्हणतो आणि थोड्या वेळानं ‘हुरहुर’ला दुसरा शब्द विचारायला माझ्याकडेच येतो. शेवटचा परिच्छेद मात्र मी त्याला न विचारताच टाइप करते, कारण तो ठरलेला आहे. मुखपृष्ठ समर्पक, छपाई नेटकी, मात्र मुद्रितशोधनाकडे अधिक लक्ष द्यायला हवं होतं. पुस्तक कवितांचं असो नाहीतर कुक्कुटपालनाचं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. बोलणं अगदी मोजकं. लिफ्टमध्ये भेटले की “वर का?” एवढंच विचारतात, आणि आपण वरच चाललेलो असतो. या गृहस्थांनी वर्षानुवर्षं संध्याकाळचं बसून एक कादंबरी लिहिली. ती छापून येणार असं कळल्यावर माझा नवरा लिफ्ट सोडून जिन्यानं ये-जा करायला लागला. ओळखीच्या लेखकांना तो डासांइतका घाबरतो.

पण त्यांनी पार्किंगमध्ये गाठलाच. गाडी पुसायचं फडकं हातात धरून म्हणाले, “परीक्षण येईल ना? अगदी चांगलं नसलं तरी चालेल हो. हिला दाखवायला काहीतरी हवंय.”

‘ही’ म्हणजे त्यांची बायको. तिनं नवऱ्याच्या लिखाणातली एक ओळ कधी वाचली नव्हती, हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं, कारण ती स्वतःच सांगायची. हळदीकुंकवाला, पाणी भरताना, त्यांच्या तोंडावरसुद्धा. “आधी बाहेरच्या कुणाला तरी वाचून बरी आहे म्हणू दे. मग मी चष्मा लावते. उगाच डोळ्यांना त्रास कशाला?” असं म्हणून ती हसायची. तेही हसायचे. मला ते हसणं बघवत नसे, पण नवरा-बायकोच्या मधे आपण कोण बोलणार?

यथावकाश प्रकाशन समारंभ झाला. आता इथली एक गंमत सांगते. समारंभाच्या दिवशी बाइंडरकडून पुस्तकं वेळेवर आली नाहीत, यात नवल वाटावं असं काही नाही. प्रकाशकांनी त्यावर तोडगा काढलेला आहे. कव्हर छापून तयार असतंच. ते त्याच मापाच्या दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकावर चढवायचं, नावगावाची सुरुवातीची पानं काढून टाकायची, वरून चकचकीत कागद आणि लाल फीत. पाहुण्यांनी व्यासपीठावर फीत सोडायची, पुस्तक छातीशी धरून फोटो काढून घ्यायचा आणि खाली ठेवायचं. उघडून कुणी बघत नाही. त्या दिवशी आमच्या शेजाऱ्यांच्या कादंबरीच्या कव्हरात गच्चीवर भाजीपाला कसा लावावा, याचं पुस्तक होतं. हे प्रकाशकाला माहीत होतं, लेखकाला नव्हतं आणि आम्हाला तर नव्हतंच. साबुदाणा वड्याच्या गर्दीत प्रकाशकाच्या माणसानं त्यातलीच एक प्रत ‘परीक्षणासाठी’ म्हणून नवऱ्याच्या हातात कोंबली. दुसरी मागाहून पाठवतो म्हणाला.

तुम्ही म्हणाल, मराठीचा मास्तर, त्याला कादंबरी आणि कोथिंबीर यांतला फरक कळू नये? पण तुम्ही त्या वर्षीच्या कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत. मी टाइप केल्यात त्यांची परीक्षणं. एकीत नायक नव्हता, एकीत स्वल्पविराम नव्हते आणि एक तर शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायची होती. त्यामुळे यानं पहिलं पान उघडलं आणि त्यावर लिहिलेलं होतं, ‘तुमच्याकडे फार काही नाही. थोडी जागा आहे, थोडं ऊन आहे. सुरुवातीला तेवढं पुरतं.’ ते वाचून हा ताठच बसला.

“काय धाडस आहे,” म्हणाला. “अख्ख्या कादंबरीत संवाद नाही.”

“आणि माणसं?” मी विचारलं.

“माणूस एकच. ‘तुम्ही.’”

प्रकरणांची नावं होती ‘ओलावा’, ‘छाटणी’, ‘कीड’. ‘कीड’ वाचताना तो मधेच उठून खोलीत येरझारा घालायला लागला. “समाजाचं इतकं जळजळीत चित्रण अलीकडे झालेलं नाही,” म्हणाला. मला वाटलं, असेल बाई. मीही चहा पिताना एक-दोन पानं चाळली. कढीपत्त्याला आंबट ताक घाला, असं एके ठिकाणी होतं. मी घातलं. आमचा मरतुकडा कढीपत्ता आठवडाभरात तरारला. इतकी वर्षं घरात पुस्तकं येतायत, पण उपयोगी पडलेली ही पहिलीच कादंबरी, असं मी चारचौघांत सांगितलंसुद्धा.

परीक्षण झकास उतरलं. माणसाला मूळ धरायला किती थोडी जागा पुरते, आणि मातीत दडून राबणाऱ्या गांडुळांकडे लेखकानं किती ममतेनं पाहिलंय, असं बरंच काही. शेवटी मी मुद्रितशोधनाचं टाइप केलं.

त्या रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्या कात्रणाचा फोटो आला. त्याखाली अंगठे, फुलं, हात जोडलेले, सगळं आलं. पाठोपाठ गृहस्थ स्वतः आमच्या दारात. आत या म्हटलं तर आले नाहीत. “आलं आज,” म्हणाले. मग, “मुद्रितशोधन मी स्वतः केलं होतं.” आणि जाता जाता, “ते गांडुळांचं... माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गांडुळं म्हणजे आम्ही कामगार ना? समीक्षकाला दिसतं ते लेखकाला कुठं दिसतं.” माझा नवरा मान खाली घालून विनयानं हसला. मला मात्र त्यांच्यासाठी फार बरं वाटलं. परीक्षण आलं, आता बायको चष्मा लावणार.

आणि तिनं लावला. बाइंडरकडून खऱ्या प्रती एव्हाना आल्या होत्या, त्यातली एक घेऊन ती दुपारची दार लावून बसायला लागली. मी ताक द्यायला गेले तर दार अर्धवट उघडून भांडं घेतलं आणि पुन्हा लावलं. गृहस्थ खाली बाकावर बसून राहायचे. आपलं पुस्तक कुणी वाचत असताना माणूस घरात थांबू शकत नाही म्हणे.

मग एका संध्याकाळी ती वर आली. खडकवासल्याच्या पाण्याची कपात चालू होती, संध्याकाळी पाणी भरायच्या वेळी आमच्याकडे कुणी कुणाच्या घरी जात नाही. त्या वेळेला आली, म्हणजे काम तसंच असणार. काखेत कादंबरी होती.

“भाऊजी,” ती नवऱ्याला म्हणाली, “गांडूळ कुठंय?”

“कुठलं गांडूळ?”

“तुमच्या परीक्षणातलं. मी शेवटपर्यंत वाचली. कारखाना आहे, भोंगा आहे, कँटीनमधलं भांडण आहे. गांडूळ नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात प्रतीक आहे. प्रतीक असायला आधी गांडूळ असायला नको का?”

नवऱ्यानं आपली प्रत आणली. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवली आणि उघडली. एकीकडे मशीनवरचा कामगार घाम पुसत होता, दुसरीकडे भेंडीला खत घालायचं चाललं होतं. नवऱ्याचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना, आणि त्या बाईसमोर हसताही येईना. त्यानं प्रकाशकाला फोन लावला. प्रकाशक जराही गडबडला नाही. “अहो, ती स्टेजवरची प्रत होय. आम्ही शोधतोय ती,” म्हणाला. “असू द्या. बागेच्या पुस्तकाचंही परीक्षण करायचंच होतं तुम्हाला. झालंच की ते.”

नवऱ्यानं फोन ठेवला. मला एकदम खाली बाकावर बसलेला तो माणूस आठवला. “वहिनी,” मी म्हटलं, “त्यांना नका सांगू.”

“नाही सांगत. पण वहिनी, एक सांगू?” ती खुर्चीत बसली. “त्यात मी आहे. नायकाची बायको म्हणून. ती त्याचं लिहिलेलं कधी वाचत नाही. आणि शेवटी मला मारलंय. न्यूमोनियानं. मग रडलाय हो तो. पानंच्या पानं रडलाय. माझी रिकामी खुर्ची, माझी भाजीची पिशवी, सगळ्यावर रडलाय. घरात मी पडसं झालं म्हटलं, तर हे पेपरातून मान वर करत नाहीत.”

तेवढ्यात बेल वाजली. दारात तेच. “कुकर बंद केला मी,” बायकोला म्हणाले, आणि मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. नवरा पुढे होऊन वर्तमानपत्र टाकायला गेला, पण उशीर झाला होता. त्यांनी त्यांचंच कव्हर असलेलं ते पुस्तक उचललं. एक पान वाचलं, उलटलं, आणखी एक वाचलं.

“गांडुळं इथं आहेत होय,” ते म्हणाले.

नवरा काहीतरी बोलायला लागला. बाइंडर, कव्हर, गर्दी. त्यांनी फक्त मान डोलावली आणि पुस्तक होतं तसं ठेवलं. मला तिथं उभं राहवेना. नोकरीतून सुटल्यावर एवढी एकच गोष्ट मागितली होती त्या माणसानं.

“भाऊजींचं सोडा,” त्यांची बायको म्हणाली. “मी वाचली.”

“अख्खी?”

“अख्खी. मला मारलीत तुम्ही.”

“ती तू नाहीस. ती नायकाची बायको आहे.”

“पोह्यात दाणे दिसले की ताट सरकवणारी दुसरी बायको आहे का तुम्हाला?”

नवरा माझ्याकडे बघतोय, मी पंख्याकडे. ती काही सोडायला तयार नव्हती. “मारलीत का पण? बरी तर होत होते मी. डॉक्टर घरी सोडणार म्हणाले होते.”

“जिवंत ठेवून पाहिली होती,” ते हळूच म्हणाले. “तसं लिहिलंही होतं. पण मग शेवटी तिनं त्याचं लिखाण वाचायला घ्यायला हवं. ती वाचतेय असं लिहिलं, की मलाच ते खरं वाटेना. म्हणून काढून टाकलं.”

तिनं आपली प्रत काखेत घेतली, दुसऱ्या हातानं त्यांचा दंड धरला आणि दाराकडे वळली.

“आता लिहा,” म्हणाली. “आता खरं वाटेल.”