प्रज्ञाच्या लग्नात माईक किंचाळला तेव्हा...

मागच्या महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्याला एका लग्नाला गेले होते. सगळे नटूनथटून आलेले, आणि माझ्या खांद्यावरच्या बॅगेत हृदयाला शॉक देणारं मशीन... ते उघडायची वेळ येऊ नये, एवढंच मनात घोळत होतं.

मी हृदयाच्या ठोक्यांची डॉक्टर. मूळची मानवतची, आता संभाजीनगरला असते, महिन्यातून एकदा परभणीत पेशंट बघते. ज्या घरात धडधाकट तरुण माणूस अचानक जातो, तिथल्या बाकीच्यांचे ईसीजी तपासायचे, हा माझ्या संशोधनाचा विषय.

प्रज्ञा अशीच भेटली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिचा थोरला भाऊ पहाटे मोबाईलच्या अलार्मने दचकून उठला आणि तिथेच कोसळून गेला. कुणी ॲटॅक म्हणालं, कुणी बाहेरचं काहीतरी म्हणालं... मी प्रज्ञाचा ईसीजी काढला. घरातला दोष तिच्यातही होता.

साधं सांगायचं तर, प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला थोडा वेळ लागतो. हा दोष असलेल्यांना तो जास्त लागतो. नेमकं तेव्हा मोठ्या आवाजाने दचकलं, तर ठोके भरकटू शकतात. गोळ्यांनी धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवायचं. वेळ आलीच तर ते आतूनच शॉक देतं.

लग्नाआधी बसवू, असं मी परोपरीने सांगितलं. प्रज्ञाची आई ऐकेना. "मॅडम, पोरीच्या छातीवर वण दिसला तर पाहुणे काय म्हणतील? एकदा लग्न होऊ द्या, मग तुमी म्हणाल तसं करू."

प्रज्ञाने आईचं मन राखलं. पण होणाऱ्या नवऱ्याला, नितीनला, तिने स्वतःच सगळं सांगितलं. तो मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर आहे. त्याने डीजे रद्द केला, फटाके बंद केले. मित्र रुसले, तरी बधला नाही. आणि मला फोन करून म्हणाला, "मॅडम, तुमी लग्नाला या. लय भ्या वाटायलंय."

म्हणून मी गेले.

मंडपात पांढरे कपडे, फुलं, वंदनेचे शांत सूर. बाकीच्यांना प्रसन्न वाटत असेल... मला प्रत्येक आवाज टोचत होता. आचाऱ्याकडे ताटांची चळत घसरली, मी प्रज्ञाकडे पाहिलं. जवळच्या रेल्वे स्टेशनातून गाडी हॉर्न देत गेली, मी पुन्हा तिच्याकडे पाहिलं. शेजारच्या बाईंनी मला विचारलंसुद्धा, "तब्येत बरी हाय ना तुमची?"

पंचशील झालं, एकमेकांना हार घातले, टाळ्या झाल्या. मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. तेवढ्यात जेवणाची सूचना द्यायला कुणीतरी माईक उचलून स्पीकरसमोर गेलं... आणि तो कानठळ्या बसवत किंचाळला.

प्रज्ञा दचकली. नितीनकडे वळून काहीतरी बोलायला गेली आणि उभी होती तशीच खाली गेली.

"चक्कर आली," "कांदा हुंगवा," "पाणी मारा"... मंडपात एकच गलका. मी गर्दीतून वाट काढत पोचले. मानेवर बोटं ठेवली. ठोका लागत नव्हता. हॉस्पिटलमध्ये असं झालं की दहा हात धावून येतात. इथे मी एकटी होते. ती वाचली नाही तर... हा विचार आला, पण थांबायला वेळ नव्हता.

मी छाती दाबायला लागले. नितीन गुडघ्यांवर बसून नुसता बघत होता. "इथं हात ठेव. असं दाब. मी सांगेपर्यंत थांबू नकोस." त्याने माझी जागा घेतली. गळ्यात लग्नाचा हार, डोळ्यांतून पाणी, पण हात थांबले नाहीत. मी बॅगेतून मशीन काढलं, त्याच्या पट्ट्या तिच्या छातीला चिकटवल्या, ते चालू केलं. मशीन म्हणालं, शॉक द्या.

"कुणी हात लावू नका." मी बटण दाबलं.

पुढचे काही क्षण मला अजून नीट आठवता येत नाहीत. फक्त तिची मान आणि माझी बोटं... मग बोटांखाली काहीतरी हललं. बारीकसं. पुन्हा हललं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. नितीन तिथेच जमिनीवर डोकं टेकून रडला.

ॲम्ब्युलन्सने आधी परभणी, तिथून संभाजीनगर. यंत्र बसवून झालं, तेव्हा कुठे मी खोलीतून निघाले. बाहेर बाकावर प्रज्ञाच्या आई बसल्या होत्या. इतके दिवस स्वतःची तपासणी टाळत आलेल्या. खाली बघत म्हणाल्या, "माझाबी ईसीजी काढा मॅडम. माझ्यातूनच आलंय का, कळू तरी द्या."

ईसीजी काढला. त्यांच्यातूनच आलं होतं. मी शेजारी बसून सांगितलं की नाक-डोळे जसे आईकडून येतात तसंच हे, यात गुन्हा कुणाचाच नाही. त्यांनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "माझ्या बहिणीला दोन लेकरं हायत. उद्या घेऊन येते."

घरी सोडण्याच्या दिवशी नितीन दारात घुटमळला. म्हणाला, "मॅडम, अलार्म बंद केलाय, दोघांचे मोबाईल सायलेंट केलेत, कुकरबी ती दुसऱ्या खोलीत असतानाच लावीन. पण मी लय घोरतो... चालंल का?"

मागे उभी असलेली प्रज्ञा छातीवरचे टाके धरून हसायला लागली.

या कामात भीती कधी संपत नाही, संपूही नये. पण त्या दिवशी प्रज्ञाला हसताना बघितलं आणि वाटलं... एवढं हसणं ऐकायला मिळत असेल, तर भ्यायला माझी हरकत नाही.