आजची शिक्षा

ताई गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्यासाठीच, नळीतून द्यायला, मुगाच्या डाळीचं पाणी गाळत होते. दुपारचे चार वाजले असतील. दवाखान्यातून यांचा फोन आला, "वृंदा, गेली गं ताई." आता लिहायलाच बसले आहे तर खरं तेच लिहिते... मला आधी रडू आलं नाही. आधी भीती वाटली. गाळणं पातेल्यावर तसंच ठेवून मी ताईंच्या खोलीत गेले आणि त्यांचा टॅबलेट जागेवर आहे ना ते पाहिलं. होता, उशीशेजारी, चार्जरला लावलेला. संध्याकाळी घर माणसांनी भरलं, बायका सतरंजीवर बसल्या होत्या आणि साडेसहाला खोलीतून ती घंटा वाजली, देवळातल्यासारखी बारीक. सगळ्या दचकल्या. आत जाऊन पाहते तर पडद्यावर रोजचाच प्रश्न आलेला, आज मनात काय आहे? मी टॅबलेट पालथा घातला. माझी धाकटी जाऊ म्हणाली, "कुणाचा फोन?" म्हटलं, कुणाचा नाही.

ताई म्हणजे माझ्या नणंदबाई, प्रमिलाताई. यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या. माझे सासरे सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ताई लहानाच्या मोठ्या झाल्या. लग्न केलं नाही. तीस वर्षं हिंदी शाळेत मुलींना विज्ञान शिकवलं. त्यामुळे त्यांच्या मराठीत कणीक मराठी आणि पाणी हिंदीचं. मी साताऱ्याची, शुद्ध भाषेचं नाक घेऊन आलेली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "काय करून राहिली गं? परेशान नको होऊ, सब्जी मी पाहून घेते." मी पदर तोंडाला लावून हसले. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "हास, हास. दहा वर्षांनी तू पण हेच बोलशील." तसंच झालं. पुढे बाग सेवनियात आम्ही घर बांधलं तेव्हा त्यांची खोली आधी आखली, पूर्वेची, खिडकीत मोगरा. अडतीस वर्षं आम्ही एका छपराखाली काढली. भांडलो, रुसलो, पण दुपारचा चहा एकमेकींशिवाय कधी घेतला नाही.

ताईंना रोज संध्याकाळी लिहायची सवय होती. आपल्या खोलीतल्या देवाला दिवा लावला की तिथेच पाट घेऊन बसायच्या आणि वहीत लिहायच्या. दिवसभरात काय पाहिलं, मन कुठे घसरलं, कुठे सावरलं, असं काहीसं. ती त्यांची पूजाच होती. सत्तरी ओलांडल्यावर हाताला कंप सुटला आणि अक्षर असं झालं की त्यांचं त्यांनाच लागेना. वही मिटून नुसत्या बसून राहायच्या. माझी मुलगी अनघा हैदराबादला असते, तिने सुट्टीत येऊन हा टॅबलेट आणला. बोललं की तो लिहून घेई. ध्यानाला बसायचं तर घंटा, जपाला मोजणी, आणि बोटाने चित्र काढलं तर थरथरती रेघ सरळ करून देणारी सोयसुद्धा. मी म्हटलं, "ताई, देवाला आता चार्जिंग लागायला लागलं म्हणायचं." त्या म्हणाल्या, "देवाला नाही गं, मलाच लागतं." सुरुवातीला अनघाने त्यात चुकून हिंदी लावलं होतं. ताई म्हणाल्या, वृंदाने पोळ्या केल्या, त्याने लिहिलं, वृंदाने पोलिओ केला. आठ दिवस घरात पोलिओच जेवत होतो आम्ही. मग मराठी लावलं आणि ताई रमल्या. आयुष्यात कधी चित्र न काढलेली ती बाई रोज नोंदीखाली काही ना काही काढायची. बुलबुल, तलावातली नाव, माझी इडलीची भांडी. कंप सुटलेल्या बोटाने काढलेला बुलबुल पाहून स्वतःच खूश व्हायच्या.

पण वही गप्प असते आणि टॅबलेटशी बोलावं लागतं. आवाज नको म्हणून ताई दार लावून घेत, आणि मी बाहेर निवडत-टिपत असताना ती पुटपुट ऐकू येई. शब्द कळत नसत, फक्त मधूनच "वृंदा" ऐकू यायचं. पुन्हा थोडं पुटपुट, पुन्हा "वृंदा". खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं माझं व्हायला लागलं. माझी जीभ तिखट, हे मला माहीत आहे. दिवसभरात मी काय काय बोलले ते त्या वेळी मनात मोजू लागे. एकदा ताई म्हणाल्या होत्या, "मी गेल्यावर हे सगळं अनघाला देशील. तिने वाचावं, मनन करावं." तेव्हापासून तर जास्तच. बाईसाहेब आत बसून माझा पंचनामा करताहेत आणि तो एक दिवस माझ्या मुलीच्या हातात जाणार.

मार्गशीर्षातली गोष्ट. त्या दिवशी सकाळी ताईंच्या हातून दूध उतू गेलं होतं आणि मी म्हटलं होतं, "जमत नाही तर गॅसला हात कशाला लावता?" त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी नोंद संपवून त्या हात धुवायला गेल्या, टॅबलेट पाटावर उघडाच. मी दिव्यात तेल घालायला आत गेले होते... खोटं कशाला, तेल सकाळीच घातलं होतं. पडद्यावर शेवटच्या दोन ओळी दिसत होत्या. "आज वृंदाकडून पुन्हा शिक्षा मिळाली. निमूटपणे घेतली." तेवढ्यात नळ बंद झाल्याचा आवाज आला आणि मी बाहेर सटकले. पुन्हा? म्हणजे याआधीही? आणि निमूटपणे? अडतीस वर्षं या बाईचं केलं, आजारपणं काढली, आणि देवापुढे बसून ही सांगते की मी तिला शिक्षा देते. रिक्षा असेल, मशीनने चुकून शिक्षा लिहिलं असेल, असंही मी मनाला सांगून पाहिलं. पण वृंदाकडून रिक्षा कशी मिळेल?

सरळ विचारायला हवं होतं. नाही विचारलं. विचारलं तर चोरून वाचल्याचं कबूल करावं लागणार, आणि त्या हो म्हणाल्या तर पुढे काय, ही भीती. मग मी ठरवलं, बोलायचंच नाही, म्हणजे लिहायला काही मिळणार नाही. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, चादर आठवड्याला. शब्द मोजून. दुपारचा चहा मी त्यांच्या खोलीत नेऊन ठेवायची आणि "ठेवलाय" म्हणून परतायची. ताई पहिले काही दिवस म्हणायच्या, "बस ना जरा." मी म्हणे, "कामं आहेत." काम कसलं, स्वयंपाकघरात स्टुलावर बसून एकटी चहा प्यायची. चार महिने असे गेले. मग एका सकाळी त्या न्हाणीघरात कोसळल्या आणि चार दिवस दवाखान्यात बेशुद्धच होत्या. माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत.

तेराव्यानंतर अनघा म्हणाली, "आई, आत्याच्या नोंदी आणि चित्रं मिळून एक लहानसं पुस्तक छापू या. सगळ्या नातेवाइकांना देऊ. मी रविवारपासून वाचायला घेते." माझी पाचावर धारण बसली. रविवारला तीन दिवस होते. शुक्रवारी दुपारी अनघा आणि हे दोघं बँकेत आणि कुठे कुठे कागदपत्रांसाठी गेले. घरात मी एकटी. ताईंच्या खाटेवर बसले आणि टॅबलेट उघडला. पुसून टाकायचं कुठे असतं ते मला माहीत होतं, ताईंना चुकीची चित्रं पुसून मीच द्यायची. बटण दाबलं. त्याने विचारलं, सर्व नोंदी कायमच्या काढून टाकायच्या? हो आणि नाही शेजारी शेजारी. मी बोट हो वर नेलं. ताईंचं मरण एकदा झालंच होतं, आता दुसरं मी करणार होते, आणि तेही घर रिकामं बघून. तरी बोट हो वरच होतं, हे लपवत नाही. मग वाटलं, फाशी द्यायची तर निदान आरोप तरी वाचावा. 'नाही' दाबलं आणि ती मार्गशीर्षातली नोंद शोधून काढली.

वरून वाचली. "आज चंदाच्या हातून लोणच्याची बरणी फुटली," अशी सुरुवात. चंदा आमची कामवाली. मला आठवलंही नव्हतं ते. "मी ओरडणार होते. वृंदा आली, चंदाच्या हातातली काच काढली, तिला बसवून चहा दिला आणि स्वतः फरशी पुसली. ओरडण्यापेक्षा हे किती सोपं. तीस साल मुलींना शिकवलं, पण हे मला येत नाही." मग एक ओळ मोकळी, आणि खाली, "आजची शिक्षा. आज वृंदाकडून पुन्हा शिक्षा मिळाली. निमूटपणे घेतली." दुधाचा कुठे उल्लेखच नाही. मी आदली नोंद उघडली. शेवटी "आजची शिक्षा. मोगऱ्याला पाणी सूर्य चढायच्या आत." तिच्या आदली. "आजची शिक्षा. पेन्शनच्या लायनीत पुढच्याची घाई समजून घ्यावी." रोज. तोवरच्या दोन वर्षांची प्रत्येक नोंद याच शब्दांनी संपत होती. हिंदी शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईला शिक्षा म्हणजे शिकवण, धडा. शिक्षिका तशी शिक्षा. अडतीस वर्षं त्यांच्या सब्जीला आणि परेशानला हसणारी मी, या एका शब्दापाशी नेमकी साताऱ्याची राहिले.

जीव भांड्यात पडायला हवा होता. क्षणभर पडलाही. मग पुढच्या नोंदी होत्या, आणि आता त्या न वाचण्याची सोय नव्हती. "वृंदा चहाला बसत नाही. तब्येत ठीक नसेल." "वृंदा बोलत नाही. माझ्याकडून काही घडलं का? विचारायची भीती वाटते. घर तिचं आहे." मग पंधरा दिवसांनी, "आज टेबलावर पेपर घडी करून ठेवला होता, वर वृद्धाश्रमाची जाहिरात. मला दिसावी म्हणून ठेवला असेल काय?" देवाशपथ सांगते, तो पेपर मी कांदे-बटाट्याच्या टोपलीत घालायला काढला होता. जाहिरात मी पाहिलीसुद्धा नव्हती. त्याच्या पुढे, "बॅग भरून खाटेखाली ठेवली. तिने जा म्हटलं तर तिला परत म्हणायला लागू नये." ती बॅग मला सापडली होती, दोन साड्या, चष्मा, जपमाळ. दवाखान्याची तयारी करून ठेवली होती बिचारीने, असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं.

दाराच्या आत ताई मला भीत होत्या आणि दाराबाहेर मी त्यांना. बोलायला यंत्र होतं, ऐकायला यंत्र होतं, आणि पाच पावलांवर जिवंत माणूस. शेवटच्या महिन्यात चित्रं नाहीत. "आजची शिक्षा" हे शब्दही नाहीत. नोंद नुसतीच मध्ये थांबते. मी वर-खाली करून पुष्कळ शोधलं. मग मला कळलं की आता ते शब्द कुणी लिहायची गरज उरली नव्हती... माझ्या मराठीतली शिक्षा त्यांना रोज मिळत होती, मीच नेऊन ठेवत होते, चहाच्या कपाबरोबर.

संध्याकाळी अनघाला सगळं सांगितलं, चोरून वाचल्यापासून बोट हो वर होतं तिथपर्यंत. तिने टॅबलेट उघडून ती नोंद वाचली. मग म्हणाली, "आई, तेही छापायचं?" मी म्हटलं, छाप. तिने मला जवळ घेतलं नाही त्या दिवशी, आणि ते बरोबरच होतं.

टॅबलेट मी माझ्याकडे ठेवून घेतला आहे. दीड महिना झाला. संध्याकाळी साडेसहाला तो विचारतो, आज मनात काय आहे, आणि मी ताईंच्या पाटावर बसून सांगते. कालची गोष्ट. बोलून झाल्यावर पाहिलं तर हे दारात उभे. थट्टेच्या सुरात म्हणाले, "काय चाललंय माझ्याबद्दल?" पण डोळे थट्टेचे नव्हते, ते डोळे मला ओळखीचे आहेत. मी त्यांना आत बोलावलं, खाटेवर बसवलं आणि टॅबलेट त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "यांनी आज स्वयंपाकघरात येऊन पोळ्या लाटण्याची चेष्टा केली." थांबले. पुन्हा एकदा मनात वाचलं. मग माझ्याकडे पाहून सावकाश विचारलं, "वृंदा, चेष्टा म्हणजे कोणती गं? तुझी, की आमच्या हिंदीतली, प्रयत्न केला ती?"

मला रडूच आलं, ताई गेल्यावर पहिल्यांदा. एवढंच तर विचारायचं होतं.