पालमवरच्या तीन घिरट्या

पालम गावाच्या डोक्यावर आमची तिसरी घिरटी चालू होती आणि नांदेडचा टॉवर आम्हाला पुढे येऊ देत नव्हता. चूक टॉवरची नव्हती. माझ्या डावीकडे बसून विमान चालवणाऱ्या रेखाची होती, म्हणजे माझीच. तिला शिकवलं मी.

रेखा पालमजवळच्याच मेंढपाळ घरातली. आजची फेरी नीट झाली, तर उद्या हीच फेरी एकटीने करायला मी सही देणार होतो. नाही तर तिचं सोलो उड्डाण लांबणीवर.

आमचं उड्डाण व्हिज्युअल, म्हणजे नदी, रस्ता, रेल्वे डोळ्यांनी बघत जायचं. पण विमानतळाभोवतीचं आकाश टॉवरच्या ताब्यात असतं. तिथे शिरायला क्लिअरन्स, म्हणजे टॉवरची परवानगी लागते: कुठून जायचं, किती उंचीवर, कुठे पोचल्यावर कळवायचं. शिवाय ते सगळं ऐकून टॉवरला परत म्हणून दाखवायचं. हा रीडबॅक. तो झाल्याशिवाय आत शिरायचं नाही.

टॉवरवरच्या साहेबांनी क्लिअरन्स दोनदा सांगितला. आवाजावरून वयस्कर गृहस्थ. रेखा दोन्ही वेळा "रॉजर सर", म्हणजे 'ऐकलं', एवढंच म्हणून गप्प. मग त्यांनी आम्हाला बाहेरच थांबायला सांगितलं. मला लय राग आला. क्लासमध्ये हिचा रीडबॅक एकदम तयार असायचा. ऐकू आलं नाही का, विचारलं, तर पठ्ठीने मला सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"मग त्यांना म्हण की."

"सर, आमच्यात मोठ्या मानसानं सांगितलेलं त्यालाच परत म्हनून दाखवलं, तर उलटून बोलायलीस म्हंतेत. क्लासात तुमी खोटे टॉवर होते. हे खरे हायत."

मी कपाळावर हात मारला. मग विचारलं, बाबा कळप दुसऱ्याच्या हवाली करतात तेव्हा काय बोलतात?

"'सत्तेचाळीस दिल्या.' घेनारा म्हंतो, 'सत्तेचाळीस घेतल्या.'"

"तो उलटून बोलतो का?"

ती हसली आणि बटण दाबून पुन्हा क्लिअरन्स मागितला. साहेब बोलले. हिने खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं: गोदावरी ओलांडून पूर्णा जंक्शन, उंची अडीच हजार फुटांच्या आत, जंक्शनवर कळवते.

मी तिला कोपर मारलं. आधी दोन्ही वेळा साडेतीन हजार सांगितलं होतं. दुरुस्त कर म्हणालो.

"न्हाई सर. ह्या बारीला अडीचच म्हनले. तुमचं ध्यान माझ्याकडं होतं."

तेवढ्यात हेडफोनमध्ये साहेब म्हणाले, रीडबॅक करेक्ट.

पूर्णा दिसायला लागलं तेव्हा आमच्या बरंच वरून एक मोठं विमान नांदेडला उतरायला निघालं होतं. उंची का बदलली ते मला कळलं. मी रेल्वेचे रूळ बघत बसलो.

परत उतरल्यावर सही केली, अगदी खुशीत. दुसऱ्या दिवशी रेखा एकटी जाऊन आली. मी एवढं शिकलो की वीस वर्षं शिकवणाऱ्यानेसुद्धा क्लिअरन्स कानांनी ऐकावा, आठवणीने नाही.