काळुरामचा खांदा

काळुराम हा पेणच्या एका कॉलेजातला शिपाई. खाडीकाठच्या गावचा, मिठागरावर वाढलेला, बोलायला कंजूष आणि कामाला बैल. त्याची म्हातारी धोंडुबाई मात्र सगळ्या गावाची होती. कुणाच्या घरी माणूस गेलं की मयताला आंघोळ घालायला, रडणाऱ्या बायांना धरून बसायला पहिलं पाऊल हिचं. त्या बदल्यात तिनं जन्मात एकच मागणं केलं होतं. मेल्यावर गावच्या चौघांनी खांदा द्यावा, बस. एवढ्याला कोण नाही म्हणणार होतं?

मुंबईतल्या दंगली झाल्या आणि कॉलेजांना एकदम धर्म आठवले. काळुरामच्या कॉलेजातही सद्भाव दिन सुरू झाला. पाच धर्मांची पाच मुलं स्टेजवर हवीत. आता पेणमध्ये शीख कुठून पैदा करायचा? मग गडब गावच्या एका पोराला दाढी चिकटवून, पगडी बांधून उभा करायचे. मुसलमान म्हणून दुसऱ्या एकाला जाळीची टोपी घालायचे. खरा मुसलमान, वॉचमन दाऊदभाई, तो तेव्हा फाटकावर पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत असायचा. त्याला वर बोलवावं असं एकाही शहाण्याला सुचलं नाही.

काळुराम आणि दाऊदभाई वीस वर्षं एका डब्यातून जेवले. दाऊदभाई वारला तो त्याच्या घरी, रोह्याला. काळुराम रजा टाकून एसटीनं गेला, जनाज्याला खांदा दिला, परत येताना वडखळच्या नळावर डोक्यावरून पाणी घेतलं आणि घरी चकार शब्द बोलला नाही. गावकीचे पंच कसे आहेत ते त्याला ठाऊक होतं. गोष्ट तिथंच संपायची.

पण कॉलेजात विमलबाई होत्या. इतिहास शिकवायच्या, सद्भाव समितीच्या प्रमुख. त्यांच्या कानावर हे गेलं आणि बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. काळुरामचा सत्कार करायचा, शाल-श्रीफळ द्यायचं, पेपरात फोटो द्यायचा! काळुरामनं हात जोडले. म्हणाला, फोटो नको बाई, गावाला कळंल. बाईंना तो विनय वाटला. भाषणात त्यांनी त्या विनयाचंही कौतुक केलं. शिकलेल्या माणसाला 'नको' हा साधा शब्द कळत नाही तो नाहीच कळत.

साप्ताहिकात फोटो छापून आला, खाली दाऊदभाईच्या नावासकट सगळी हकिगत. तिसऱ्या दिवशी देवळात गावकी बसली. पंचांचा म्होरक्या गुणाजी पाटील. कॉलेजाचं पत्र आण, त्यात लिहून आण की हे सगळं खोटं आहे, मग बघू, असं त्यानं बजावलं. काळुराम विमलबाईंकडे गेला. म्हाताऱ्या आईची गत काय होईल तेही सांगितलं. बाई दुखावल्या. तुम्ही आमचा आदर्श आहात, असं खोटं मी कसं लिहू, म्हणाल्या. शिवाय अहवाल विद्यापीठाकडे रवाना झाला होता आणि पहिल्या पानावर काळुरामच होता.

पत्र नाही म्हटल्यावर गुणाजीनं देवळाच्या पायरीवरून सुनावलं.

"परक्याला खांदा दिलास ना? आता तुज्या घराला गावाचा खांदा नाय."

घर वाळीत पडलं. गिरणीवाला दळण घेईना. मिठागराच्या गावात काळुरामच्या बायकोला, सीताबाईला, चिमूटभर मीठ कुणी देईना. ते ती वडखळहून आणायची. धोंडुबाईला मयताच्या घरचं बोलावणं बंद झालं. एकदा ती आपणहून गेली, तर तिला अंगणातूनच परतवली. त्या दिवसापासून म्हातारी लेकाशी बोलली नाही. बोलली ती आठ-दहा महिन्यांनी, मरायच्या आदल्या दिवशी, आणि तेही शपथ घालायला.

"गावचे चौघं नसतील तं त्या दाऊदच्या पोरांना हात लावू देऊ नको मना. तुज्या पायी झालं हे."

सकाळी ती गेली. काळुराम दारोदार फिरला. ज्या घरांतली मयतं हिनं न्हाऊ घातली त्याच घरांच्या कड्या आतून लागल्या होत्या. गुणाजीच्या आईलाही हिनंच आंघोळ घातली होती. तो ओट्यावर बसून होता, पान खात. मेल्याला एवढंही वाटलं नाही की निदान आत जाऊन बसावं.

दुपारी दाऊदभाईचे दोन मुलगे रोह्याहून आले. कुणाच्या डोळ्यांत खुपायला नको म्हणून टोप्या खिशात घातलेल्या. थोरला म्हणाला, आमच्या बापाला तुम्ही खांदा दिलात, आता आमचा हक्क आहे. काळुरामनं त्यांना उंबऱ्यावरच अडवलं. आईनं घातलेली शपथ सांगितली. पोरं मान खाली घालून गेली. बाप ज्याच्याबरोबर वीस वर्षं एका डब्यातून जेवला त्या माणसानं असं दारातून परत लावावं, याहून वाईट ते काय असतं?

मग नवरा-बायकोनं गोधडीची झोळी केली, बांबूला बांधली. पुढं काळुराम, मागं सीताबाई. बाईमाणसानं खांदा देण्याची रीत नाही, पण रीत सांगायलाही कुणी बाहेर आलं नाही. खाडीच्या बांधावरून जाताना तीनदा झोळी खाली ठेवावी लागली.

पुढचा सद्भाव दिन जवळ आला. काळुराम सतरंज्या झटकत होता, तेव्हा विमलबाई लगबगीनं आल्या. सासूला खांदा देणारी सून! यंदा सत्कार सीताबाईंचा करायचा, त्यांना घेऊन या, शाल मी सांगितली आहे.

काळुरामनं सतरंजी खाली ठेवली.

"बाई, आता घरात आमी दोगंच. पुढचं जे जाईल त्याला खांदा एकच."

 बाईंनी पर्समधून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि म्हणाल्या, किती सुंदर बोललात हो, भाषणात घेते, परत एकदा सांगा.

काळुरामनं परत एकदा सांगितलं.