सहीच्या आधी

सौंसरहून नागपूरला जाताना बसमध्ये शेजारी एक पस्तिशीचा माणूस बसला होता. उजवा पाय लांब सोडून तो सारखा गुडघा चोळत होता. पूर्वी तो एका क्लबकडून पगारावर फुटबॉल खेळायचा. सामन्यात गुडघा गेला, त्याच महिन्यात पगार थांबला आणि ऑपरेशनचा खर्च घरच्यांवर पडला.

"राग नाही येत?" मी विचारलं.

"गोल सगळ्या टीमचा असते, भाऊ. गुडघा माह्या एकट्याचा निघाला."

बोरगावची एक गोलकीपर मुलगी आज नागपुरात क्लबच्या करारावर सही करणार होती. हा तिच्यासाठीच निघाला होता.

"दुखापत झाली तं खर्च कोण देते, हे लिहून घेतल्याबिगर तिले सही करू देत नाही मी."

बस उशिरा पोचली. उतरताना त्याने माझा हात धरला, आणि मग लंगडतच धावत सुटला.