तगरीच्या वाफ्यातलं बाळंतपण

आमच्या वारज्याच्या सोसायटीची बाग यमुनाबाईंची. कागदोपत्री असेल सोसायटीची, पण झाडं ऐकतात ती त्यांचंच. बाई मुळशीकडच्या. अकरा वर्षं इथं माळीकाम करताहेत आणि कुणाला बिचकत नाहीत. सेक्रेटरी दिगंबररावांनाही नाही, ज्यांना आम्ही बाकी सगळे बिचकतो.

जूनमध्ये रावांनी कुंपणावर लालभडक डोक्याचा सरडा पाहिला. "हा रक्त पितो," असं त्यांनी जाहीर केलं आणि तगरीचा वाफा उखडून सोमवारी पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवून टाकलं. कमिटीनं माना डोलावल्या. मीही डोलावली, सांगायला लाज वाटते.

यमुनाबाई खुरपं हातात घेऊनच आल्या. "रक्त कशाचं पितोय साहेब? मुंग्या खातोय. लगीनसराई हाय त्याची, म्हणून डोकं रंगवून मिरवतोय. बायको त्याची या वाफ्यात बाळंत झालीय. परवा माझ्यादेखत खड्डा केला, अंडी घातली, तोंडानं माती दाबली. दीड महिना द्या."

"बायको? मी आठवडाभर बघतोय. सरडा एकच आहे."

"नीट बघा की."

कुंपणावर नवरदेव जोर काढत होता. यमुनाबाईंनी बोट दाखवलं ते मात्र तगरीच्या खोडाकडे. खोडाच्याच रंगाची, अंगानं लहान, पाठीवरचा तुरा जेमतेम, अशी मादी तिथं चिकटून बसली होती. रावांच्या नाकापासून वीतभर अंतरावर! राव टुणकन मागे उडाले.

"मिरवणाऱ्याकडंच जातंय सगळ्यांचं ध्यान," यमुनाबाई म्हणाल्या आणि खुरपायला बसल्या.

संध्याकाळी वाफ्यात पाटी लागली: 'येथे बाळंतपण झाले आहे. खोदकाम व चौकशा बंद. – सेक्रेटरी.'

जुलैअखेरीस माती हलली. सकाळी पाहतो तर दिगंबरराव उकिडवे बसलेले, चष्मा नाकावर. "यमुनाबाई, अकरा पिल्लं! यातले नर किती?"

"आत्ता कसं कळंल? समदी सारखीच मातकट. वयात आली की नर रंगतील."

"कधी?"

"पुढच्या उन्हाळ्यात."

रावांनी गेटपाशी रचलेल्या ब्लॉककडे पाहिलं. "मग ते परत पाठवतो. नवरदेव किती ते कळल्याशिवाय मांडव कसा मोडायचा?"

यमुनाबाईंना हसू फुटलं. त्यांनी तोंडाला पदर लावला.